आंबाखाळची सरळ रेघ

शकुताई, गेल्या आठवड्यात तुमचं तेरावं झालं. इंदूरच्या मल्हारगंजातल्या तुमच्या त्या दोन खोल्यांत माणसं मावत नव्हती, निम्मी जिन्यात उभी होती. सगळे डोळे पुसत होते आणि मी तुमच्या फोटोकडे बघत मनातल्या मनात तुमची उलटतपासणी घेत होते. दुसऱ्या कोणाला हे सांगितलं तर लोक मला नावं ठेवतील. तुम्हाला सांगायला हरकत नाही, तुम्ही माझा स्वभाव पहिल्या दिवसापासून ओळखून होतात.

झालं असं की आंबाखाळहून पंधरा-वीस माणसं आली होती, भाड्याची गाडी करून. पुढे गोपालजी, बसस्टँडवरचे शेववाले. जेवणं आटोपल्यावर त्यांनी मला खिडकीपाशी नेलं. "मैडम, घाट पे पत्थर लगवा रहे हैं, बहनजी के नाम का. नदी वाला पूरा किस्सा उस पे खुदेगा. आप लिख के दे दो, अगले मंगल तक." मी लगेच हो म्हटलं. त्यात विचार करण्यासारखं काय होतं, तो किस्सा मला झोपेतही सांगता आला असता. मग त्यांनी खिशातून रुमाल काढला आणि नाक पुसत म्हणाले, "छठी में थे हम. बहनजी ने ही तो सुनाया था पहली बार. उसके पहले किसको मालूम था!"

माझ्या मनात पाल चुकचुकली ती तिथे. मी तोंडात घातलेला लाडू चावायला विसरले. कारण गोपालजी हे तुमच्या तीन तोंडांपैकी, म्हणजे त्या किस्स्याच्या तीन साक्षीदारांपैकी, एक होते.

मागचं सांगते, म्हणजे मी का चिडले ते तुम्हाला नीट कळेल. तुम्ही पहिल्यांदा माझ्या ऑफिसात आलात तेव्हा मी तुम्हाला जमिनीची दलाल समजले होते. नकाशांच्या सरकारी ऑफिसात तीस वर्षं काढलेल्या बाईला दुसरं काय वाटणार? इंदूरच्या आसपास जिथे तिथे प्लॉट पाडून कॉलन्या कापल्या जात होत्या. रोज कोणीतरी गोड बोलत यायचं आणि कुठल्या तरी कसब्याचा जुना नकाशा मागायचं. तुम्ही निवृत्त शिक्षिका, खांद्याला कापडी पिशवी, चष्म्याला दोरी. मी म्हटलं, यांनी नवीन वेश काढलाय. दोनदा मी तुम्हाला "सापडत नाही" म्हणून परत पाठवलं. तिसऱ्यांदा तुम्ही माझ्या टेबलाशी खुर्ची ओढून बसलात आणि म्हणालात, "अगं, जमीन कोणाला पाहिजे इथे? मला पाणी पाहिजे. आंबाखाळची नदी आधी कुठे होती, बस इतनासा दाखव, मी निघते." ऑफिसात मला एकेरी हाक मारणारं तुमच्याआधी कोणी नव्हतं. मला राग यायला हवा होता, पण आला नाही, आणि त्याचाही मला संशयच आला.

पुढची सहा वर्षं दर दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी आपण आंबाखाळला गेलो. तुम्ही त्या कसब्याचा भूगोल आणि इतिहास लिहायचा, मी नकाशे काढायचे. विजय नगरच्या काचेच्या इमारती मागे पडल्या की गोदामं, गोदामं संपली की नव्या कॉलन्यांच्या कमानी, आणि कमानी संपल्या की काळी जमीन. दोन तासांचा बसचा रस्ता. त्यातला दीड तास तुम्ही बोलायच्या आणि उरलेला अर्धा तास मी तुमच्या चुका काढायचे.

आंबाखाळ धड गाव नाही आणि धड शहरही नाही. काळ्या जमिनीत मधोमध एक मुरमाड उंचवटा, त्यावर ऊपरवाडा. उतारावर बाजार आणि मंगळवारचा हाट. अगदी खाली निचला मोहल्ला. जुन्या काळी तिथे संस्थानाचा नाका होता, अफूच्या गाड्या थांबवून तपासायचे. त्या नाक्याची दगडी चौकट अजून उभी आहे आणि तिच्यात मोबाइल दुरुस्तीचं दुकान थाटलंय. एवढाच त्याचा इतिहास, असं मला वाटलं होतं. मग तुम्ही मला ऊपरवाड्याच्या मागे नेलंत. काळ्या दगडाचा घाट, अकरा पायऱ्या, आणि अकराव्या पायरीला लागून सोयाबीनचं शेत. पाण्याचा थेंब नाही. गावाची खाळ, म्हणजे तिकडची ओढ्यापेक्षा मोठी आणि नदीपेक्षा लहान अशी ती धार, वाहते पार दुसऱ्या अंगाला, निचल्या मोहल्ल्याच्या पाठीशी.

त्या घाटाचा किस्सा तुम्ही मला सहाव्या पायरीवर बसून सांगितलात. एका दुष्काळात निचल्या मोहल्ल्याच्या विहिरी आटल्या. तेव्हा ऊपरवाड्याच्या लोकांनी आपली नदीच त्यांना देऊन टाकली. एका उन्हाळ्यात सगळ्यांनी मिळून चर खणला आणि धार तिकडे वळवली. घाट कोरडा पडला तो पडलाच. म्हणून अजूनही आंबाखाळचा नवरदेव वरात निघण्यापूर्वी घाटावर जातो आणि शेवटच्या पायरीवर तांब्याभर पाणी ओततो. तुम्ही सांगत होतात आणि माझ्या अंगावर काटा आला होता. मी मात्र एवढंच म्हटलं, "लोक इतके चांगले असतात का कुठे?"

तुमची पद्धत माझ्यासारख्या संशयी बाईलाही पटावी अशी होती. ऐकलेलं सगळं वहीत पेन्सिलने लिहायचं. वेगवेगळ्या मोहल्ल्यांतली, एकमेकांची नातेवाईक नसलेली, एकमेकांसमोर न बसवलेली तीन तोंडं तेच बोलली, की मगच पेन्सिलवर शाई. "दोन तोंडं म्हणजे टाइमपास, विभा. तिसरं मिळालं की मग लिहायचं पक्कं," असं तुम्ही बजावायच्या. घाटाच्या किस्स्याला तीन तोंडं मिळाली होती: ऊपरवाड्याचे गोपालजी, निचल्या मोहल्ल्यातल्या रामकुंवरबाई आणि बाजारातले टेलरचाचा. वर माझ्या जुन्या नकाशाचा पुरावा होता. गावाच्या वरच्या बाजूला धार जिथे वळते तिथपासून निचल्या मोहल्ल्यापर्यंत एक सरळसोट रेघ. आज तिथे तलाव बांधलाय, जमिनीवर जाऊन काही कळत नाही, पण नकाशात ती रेघ आहे. ती बघून तुम्ही टाळी वाजवलीत. "विभा, ही तर खणलेली आहे ना!" आणि मी ऐटीत म्हणाले होते, "निसर्ग काही पट्टी लावून रेघा ओढत नाही, ताई."

म्हणून तेराव्याच्या दिवशी गोपालजींचं बोलणं ऐकून मला काय वाटलं असेल! दुसऱ्याच दिवशी सकाळची पहिली बस धरली. तुमच्याशिवाय पहिल्यांदा. तुमची खिडकीची जागा मी रिकामी ठेवली होती, तिथे एका बाईने लसणाचं पोतं टेकवलं आणि मी तिच्यावर खेकसले. बिचारीला काय माहीत.

रामकुंवरबाई अंगणात वाळवण राखत बसल्या होत्या. मी आडून आडून विचारलं, घाटाची गोष्ट तुम्हाला कोणी सांगितली? त्या सहज म्हणाल्या, "म्हारा छोरा ने सुनई थी, इस्कूल से अई ने." शाळेतून आलेल्या मुलाने आईला सांगितलेली गोष्ट! मग मी त्या लग्नातल्या तांब्याचं विचारलं. त्या हसल्या. "म्हारा ब्याव में तो यो कईं नी थो." त्यांच्या लग्नात ही रीतच नव्हती. म्हणजे पुरातन म्हणून तुम्ही ज्या प्रथेचा फोटो काढून ठेवलात, ती त्यांच्या मुलाहून धाकटी. टेलरचाचांकडे तेच. त्यांचा धाकटा भाऊ तुमच्या वर्गात होता.

ताई, मी बाजारात उभ्या उभ्या हिशेब मांडला. तेवीस वर्षांची एक मराठी मुलगी इंदूरहून या कसब्यातल्या शाळेत शिकवायला जाते, दोन वर्षं राहते, मुलांना एक गोष्ट सांगते. चाळीस वर्षांनी तीच बाई वही घेऊन परत येते आणि आपलीच गोष्ट लोकांच्या तोंडून ऐकून ती इतिहास म्हणून लिहून घेते. असली चूक फक्त मास्तरीणच करू शकते. पण ही चूक होती की लबाडी, हे मला ठरवता येईना. तुम्हाला आठवत नव्हतं, की आठवत होतं आणि तुम्ही ताकास तूर लागू दिली नाहीत?

गोपालजींच्या दुकानात जाऊन मी सरळ विचारलं. ते कढईतली शेव निथळत होते. म्हणाले, "वो दिन तो मैं भूल ही नहीं सकता. हमने नीचे वाले बच्चों को स्कूल के मटके से पानी नहीं लेने दिया था. मटका ही उठा के छुपा दिया था. बहनजी को पता चला. हमको लगा अब पिटाई होगी. पर उन्होंने डांटा तक नहीं. सबको घाट पे ले गईं, सीढ़ियों पे बिठाया, और ये किस्सा सुनाया."

"पण तो खरा नव्हता, गोपालजी," मी म्हणाले. माझा आवाज चढला होता. "बहनजी ने मन से बनाया होगा."

त्यांनी झारा बाजूला ठेवला. "हो सकता है. पर मैडम, जिस साल सारे बोरिंग सूखे, ऊपरवाड़े की टंकी से नीचे तक पाइप की नाली हमने खोदी. सब उसी क्लास के लड़के. बड़े-बूढ़े मना कर रहे थे. हमने कहा, पुरखों ने पूरी नदी दे दी और तुम एक टंकी पे रो रे हो?"

या गोष्टीला मात्र मी तिथल्या तिथे तीन तोंडं मिळवली, वेगवेगळी, तुमच्या नियमाने. निचल्या मोहल्ल्यात तर एका म्हाताऱ्याने मला ती पाइप जमिनीत कुठे शिरते तेही दाखवलं. तरी माझं समाधान होईना. पाइप खरी असेल, पण दगडावर नदी कोरायची होती. दगडावर पेन्सिल चालत नाही, शकुताई. एकदा खोदलं की पुढच्या पिढ्या तेच खरं मानणार, आणि खाली माझ्या अक्षरातला मजकूर.

परतीच्या बसमध्ये मी आपली शेवटची भेट आठवत बसले. तुम्ही बाकी सगळी प्रकरणं मला स्वच्छ लिहून दिली होती, फक्त घाटाचं प्रकरण देत नव्हतात. "पुढच्या शनिवारी देते," म्हणून सहा महिने ढकललंत. महाराष्ट्रातून इथल्या कॉलेजात नवीन आलेले एक प्राध्यापक मधे तुमच्याकडे दोन-तीनदा येऊन गेले होते. मी मनाशी धरलं की तुम्ही ते प्रकरण त्यांना देणार आणि नकाशावरून माझं नाव गाळणार. तसं मी तोंडावर बोललेही. तुम्ही हसलात. मग म्हणालात, "विभा, त्या नकाशाचं एकदा निवांत बोलायचंय गं. चहा टाकू?" मला वाटलं, आता सारवासारव सुरू होणार. मी पर्स उचलली आणि उपवास आहे म्हणून निघाले. उपवास नव्हता. आठ दिवसांनी तुमच्या भाच्याचा, सुहासचा, तुम्ही गेल्याचा फोन आला.

त्या सुहासवरही माझा डोळा होता, बरं का. विजय नगरात मोठ्या कंपनीत, मराठी बोलताना दर तिसरा शब्द हिंदी. हा वह्या रद्दीत घालणार म्हणून मी तुमची खोली डोळ्यांत तेल घालून राखत होते. आंबाखाळहून परतल्यावर तडक त्याच्याकडे गेले, भांडायच्या तयारीने. त्याने दारातच पिशवी माझ्या हातात दिली. "विभामावशी, आत्याने आधीच बोलून ठेवलं होतं, वह्या विभाच्या. मीच कॉल करणार होतो, पर टाइम नहीं मिला यार." तुमचीच ती कापडी पिशवी. मी तिथेच जिन्यात बसले आणि मग मात्र रडले.

घरी येऊन वह्या उघडल्या. नाक्याचं प्रकरण शाईत. हाटाचं शाईत. काळ्या जमिनीचं, अफूचं, विहिरींचं, सगळं शाईत. घाटाचं प्रकरण पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत पेन्सिलने. तीन तोंडं मिळूनही तुम्ही त्यावर शाई चढवली नव्हती. खाली तुमच्या बारीक अक्षरात होतं: "गोपाल, माझ्या वर्गातला. रामकुंवरबाई, मुलगा माझ्या वर्गात. टेलर, भाऊ माझ्या वर्गात. म्हणजे तोंड एकच, माझं. मला कोणी सांगितलं होतं? आठवत नाही. बहुतेक कोणीच नाही." त्याखाली रेघ, आणि मग: "उरला पुरावा एकच, विभाचा नकाशा."

इथे मी वही मिटली. पुढे काय असेल याची मला धास्ती वाटली. आता माझं सांगते, ताई. सहा वर्षं गिळून ठेवलेलं.

तो जुना नकाशा कापडावरचा होता आणि घडीवर कुजलेला. धार वळते ती जागा दिसत होती, निचल्या मोहल्ल्याजवळची धार दिसत होती, मधला भाग गेलेला. अशा वेळी आमचा नियम साधा आहे. नक्कल काढताना ती जागा कोरी सोडायची आणि "मूळ फाटलेले" असं लिहायचं. त्या दिवशी तुम्ही समोर बसला होतात, दोनदा परत पाठवलेल्या, कपाळावर घाम आणि डोळ्यांत केवढी आशा. कोरी जागा दाखवायची मला लाज वाटली. मी पट्टी ठेवली आणि दोन टोकं जोडून टाकली. रेघ सरळ होती कारण पट्टी सरळ होती. मग तुम्ही टाळी वाजवलीत. त्यावर ते निसर्ग आणि पट्टीचं वाक्य मीच म्हणाले, मीच! आणि पुढे सहा वर्षं मी बसमध्ये तुमच्या चुका काढत राहिले.

चहा करून घेतला आणि पुन्हा वही उघडली. शेवटच्या दोन ओळी होत्या. "ऑफिसात जाऊन मूळ नकाशा बघून आले. मधे फाटलेला आहे. रेघ विभाची. तिला विचारायचं, पण तिला वाईट वाटणार नाही असं."

त्या ओळी मी किती वेळा वाचल्या ते सांगत नाही. तुम्हाला कळलं होतं. तुमची स्वतःची चूक तुम्ही आधी शोधलीत, माझी नंतर, आणि दोन्ही पेन्सिलीतच ठेवल्यात. मला बोलावलंत, चहा टाकते म्हणालात, आणि मी उपवासाचं खोटं सांगून जिना उतरले. तुमच्या फोटोसमोर बसून ज्या लबाडीचा संशय मी तुमच्यावर घेत होते, ती माझ्याच हातची होती. मला तुमची माफी मागायची आहे आणि ती घ्यायला तुम्ही नाही, याचा मला तुमच्यावर राग येतो. असाच आहे माझा स्वभाव.

काल मंगळवार होता. हाटाच्या गर्दीतून वाट काढत मी गोपालजींकडे गेले आणि स्टुलावर बसून त्यांना सगळं सांगितलं, रेघेसकट. ते बराच वेळ गिऱ्हाइकांना शेव तोलून देत राहिले. मग म्हणाले, "आपने तो बड़ी गड़बड़ कर दी, मैडम."

"हो," मी म्हटलं.

"बहनजी को मालूम था?"

"होतं."

"और आपको डांटा नहीं?"

मी मान हलवली.

"हमको भी नहीं डांटा था," ते म्हणाले आणि माझ्यासमोर पाण्याचा ग्लास ठेवला.

दगडासाठी मी चार ओळी लिहून दिल्या आहेत, त्यांच्याच भाषेत. इथे नदी होती. ती कशी गेली ते आम्हाला माहीत नाही. बहनजी या पायऱ्यांवर बसून सांगायच्या की आंबाखाळने ती देऊन टाकली. पुढे त्यांच्या मुलांनी टाकीचं पाणी खाली नेलं, हे मात्र आम्ही पाहिलं आहे. गोपालजींनी दोनदा वाचून कागद घडी करून गल्ल्यावरच्या फोटोमागे खोचला. आपल्या पुस्तकातला नकाशा मी रात्री बसून नव्याने काढला. मधली जागा कोरी सोडली आणि तिथे लिहिलं, मूळ फाटलेले.

घाटाच्या प्रकरणावर शाई चढवणार नाही. ते छापून येईल तेव्हा त्याच्या डोक्यावर लिहिलेलं असेल की ही गोष्ट एकाच तोंडची आहे. आणि तुमच्या त्या दोन ओळींखाली थोडी जागा होती, तिथे मी एक ओळ लिहिली आहे. "ताई, तुम्ही विचारलं असतंत तर मी खरं सांगितलं असतं." ती मी पेन्सिलने लिहिली आहे.